नव्वद टक्के आलेली गाडी

नव्वद टक्के म्हणजे किती, एवढं मला कोणीतरी सांगा हो. आत्ता त्या सिस्टर दार उघडून सांगून गेल्या, तुम्हीही ऐकलंत, "आजोबा, शांत बसा, नव्वद टक्के झालंय." काय झालंय नव्वद टक्के? आत माझी लेक आहे, पहिलं बाळंतपण आहे, बाळ एकतर बाहेर आलंय नाहीतर यायचंय, मधलं नव्वद कुठून आलं? अडतीस वर्षं मी बस डेपोत टाइमकीपर होतो, तुम्हाला सांगतो, नव्वद टक्के आलेली गाडी मी एकदाही पाहिली नाही. गाडी येते, नाहीतर येत नाही.

सरका जरा, बसतो. हा लॅपटॉप मांडीवर आहे म्हणून मला कोणी मोठा माणूस समजू नका. सातवी झालीय माझी, तीही मास्तर दयाळू होते म्हणून. आणि मी बोलणाराही नाही. आमची ही म्हणते, तुमच्या दोन वाक्यांच्या मध्ये एक गाडी सुटून जाते. ती आत लेकीपाशी आहे म्हणून तोंड उघडलंय, आणि उघडलंय ते मिटत नाही, कारण मला पाच वाजेपर्यंत एक फॉर्म भरायचाय, आणि त्या फॉर्मवर एका पोरीचं सगळं अडलंय, आणि त्यातसुद्धा शेवटच्या रकान्यात काय विचारलंय माहीत आहे? काम किती टक्के झालं.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारं भ्रमिष्ट झालं.

माझ्या वेळेला डेपोत एक काळा फळा होता. गाडीची वेळ खडूने मी लिहायचो, मीच पुसायचो. पुढे फळा गेला आणि दिव्यांचा बोर्ड आला. त्या बोर्डाचा प्रोग्राम माझ्या लेकीने लिहिलाय. बापाने खडूने केलं ते लेकीने दिव्यांनी केलं, मला किती बरं वाटलं असेल बघा. आणि तिने तो विकला नाही. उघडा ठेवला. ओपन सोर्स म्हणतात त्याला, म्हणजे काय, तर लिहिलेलं सगळं सगळ्या जगाला दिसतं, कोणीही न्यावं, आपल्या गावच्या डेपोत लावावं, चूक दिसली तर कोणीही दुरुस्त करून पाठवावं. पाणपोईच म्हणा ना.

त्या बोर्डाला एक खोड मात्र होती. गाडीला उशीर झाला की तो म्हणायचा "५ मिनिटांत". पाच मिनिटांनी परत "५ मिनिटांत". पाऊण तास तो तेच म्हणायचा आणि माणसं पिशव्या उचलायची, खाली ठेवायची, उचलायची, खाली ठेवायची. लेक म्हणाली, बाबा, यंदा हे खोटं बोलणं बंद करू. एक संस्था आहे, ती उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलांना असल्या उघड्या प्रोग्रामांवर कामाला बसवते. बारा आठवडे. प्रत्येक मुलाला शिकवायला मेंटॉर लागतो, आणि नियम असा की मेंटॉर दोन हवेत. एक ती. दुसरा... तिने माझं नाव घातलं.

म्हटलं, "अगं बाई, मला त्यातलं काय कळतं?"

म्हणाली, "गाड्यांचं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. फक्त नाव आहे, बाबा. नुसतं बघत राहायचं."

नुसतं बघत राहायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा घोटाळा त्यात आहे.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीचं ब्लडप्रेशर पाहिलं आणि म्हणाल्या, आडवं पडून राहायचं, कॉम्प्युटर बंद, मनाला घोर लागेल असं कोणी काही बोलायचं नाही. आमच्या हिने त्याच संध्याकाळी लॅपटॉप लेकीच्या खोलीतून उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेवला, कणकेचा डबा ठेवावा तसा. "हे घ्या. आणि खबरदार तिला काही विचारायला गेलात तर." झालं. दोनाचा एक मेंटॉर उरला, आणि जो उरला त्याला यंत्र बंद कुठून करायचं तेही माहीत नाही.

आणि विद्यार्थी कोण? कासव. खरंच सांगतो. तिथे नावाच्या जागी चित्र लावतात, त्याने कासवाचं लावलं होतं. मुलगा की मुलगी कळायला मार्ग नाही, म्हणून मी आपलं कासवच म्हणायचो. कासवाने पहिलं पत्र लिहिलं, "नमस्कार सर, तुमच्याकडून खूप शिकायचं आहे."

सर. मला. अडतीस वर्षांत कंडक्टरांनी मला काय काय नावं ठेवली असतील, ती सगळी इथे सांगण्यासारखी नाहीत, पण सर कोणी म्हणालं नव्हतं. मी ते पत्र आमच्या हिला दाखवलं. ती म्हणाली, "शिकवा हो सर, आधी शर्टाचं बटण नीट लावा."

तिसऱ्या आठवड्यात कासवाने लिहिलेलं पाठवलं. मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून वाचलं. त्याच्याखाली हिरव्या टिकची एक खूण होती, आणि मी ती टिक केली.

आता आमच्या डेपोची रीत सांगतो. ड्रायव्हरचा कागद असो, रजेचा अर्ज असो, टायर पंक्चरचा रिपोर्ट असो, टेबलावर आला की टाइमकीपर निळ्या पेन्सिलने त्यावर टिक करणार. त्या टिकचा अर्थ एवढाच, की कागद माझ्या डोळ्यांखालून गेला. मंजूर नाही, नामंजूर नाही. मंजूर करायचं ते साहेबांनी, लाल शाईने, पूर्ण सही करून. अडतीस वर्षं मी रोज शंभरेक टिका केल्या असतील, एकीनेही कधी कोणाचं बरंवाईट केलं नाही. मला काय स्वप्न पडलंय, की इथे साहेबच नाहीत? की इथे टिक केली की ते लिहिलेलं थेट चालू प्रोग्रामात जाऊन बसतं, आणि सकाळी डेपोतल्या बोर्डावर येतं?

सकाळी साडेनवाला माझा मित्र धापा टाकत घरी आला. तो रिटायर ड्रायव्हर आहे, रोज डेपोत जाऊन बाकावर बसतो, करमत नाही म्हणून. आत येऊन म्हणाला, "अरे, तुझ्या पोरीच्या बोर्डाला वेड लागलंय."

म्हटलं, हळू बोल, ती झोपलीय. काय झालं?

"ज्या गाडीची वेळ टळली ती बोर्ड 'गेली' दाखवतोय. नवाची गाडी दहा मिनिटं उशिरा आली, फलाटावर उभी राहिली, इंजिन चालू, कंडक्टर दारात उभा राहून ओरडतोय, चला चला. आणि माणसं घरी चाललीत. मी एका बाईंना म्हटलं, अहो, गाडी ही काय उभी आहे. तर बोर्डाकडे बोट दाखवून म्हणतात, पण ती गेली ना. कंडक्टर खाली उतरला, त्यांचा हात धरायचाच बाकी होता. म्हणाला, बाई, गेली असती तर मी इथे कसा असतो? तर म्हणतात, तुम्ही पुढच्या गाडीचे असाल."

गाडी समोर आहे ते खरं की बोर्डावर गेली ते खरं? माणूस लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो हो. म्हणून तर मी फळ्यावर कधी खोटं लिहिलं नाही.

नशीब, ते एका माणसाने तासाभरात काढून टाकलं. तोही असाच फुकट मदत करणारा, कुठल्या गावचा देव जाणे, चित्रात नुसता चष्मा आहे. चष्मेवाल्याने काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं खाली लिहिलं, "हे अर्धवट काम कोणी मंजूर केलं?"

आता मी काय केलं ऐका. मला राग आला होता. लेकीच्या बोर्डाची अब्रू गेली, डेपोत माझी गेली. मी एका एका अक्षरावर बोट मारत त्याच्याखाली लिहिलं, "ज्याने केलं असेल त्याने पुढे येऊन कबूल करावं. यात लाज कसली." आणि स्वतःलाच शाबासकी देऊन चहा प्यायला गेलो.

परत आलो तर कासवाने लिहिलं होतं, "माझी चूक आहे. क्षमा असावी, सर."

मला वाटलं, किती गुणी कासव आहे. मी त्यावरही टिक केली.

आणि त्या दिवसापासून, तुम्हाला सांगतो, कासवाने जे डोकं आत ओढलं ते आठ आठवडे बाहेर काढलं नाही. दर सोमवारी मी विचारायचो, बाळा, कुठवर आलं? उत्तर ठरलेलं. "नव्वद टक्के झालंय, सर." चौथ्या आठवड्यात नव्वद. पाचव्यात नव्वद. मी म्हटलं, वा, वेग चांगला आहे. सहाव्यात नव्वद. सातव्यात कासवाला ताप होता, तेव्हाही नव्वद. मी म्हटलं, जेवढं झालंय तेवढं दाखव तरी. "थोडंसं नीट करून दाखवते, सर, नव्वद टक्के झालंच आहे." दाखवते म्हटलं तेव्हा कळलं की कासव मुलगी आहे. बाकी काही कळलं नाही.

घरात तर त्या शब्दाचा नुसता उच्छाद झाला. मी विचारावं, भाजी झाली का, तर आमची ही म्हणणार, "नव्वद टक्के." आंघोळीला पाणी तापलं का? "नव्वद टक्के." एकदा मी उगीच तिला विचारलं, तुझा माझ्यावरचा राग गेला का. तर तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. तिथे नव्वदसुद्धा नव्हते.

दहावा आठवडा संपला आणि संस्थेच्या बाईंचं पत्र आलं. अमुक तारखेला, म्हणजे आज, संध्याकाळी पाचपर्यंत मेंटॉरने शेवटचा फॉर्म भरायचा. विद्यार्थी पास की नापास. फॉर्म आला नाही तर विद्यार्थी आपोआप नापास. आणि एकदा नापास झालं की या संस्थेत त्या मुलाला परत कधी घेत नाहीत. ते 'कधी' मी तीनदा वाचलं. चष्मेवाल्याने मला वेगळं लिहिलं, "आठ आठवडे एक ओळ दाखवलेली नाही. नापास करा. दया करू नका."

दया करू नका. मी आयुष्यात एका माणसाला नापास केलेलं नाही हो. एका कंडक्टरला मी फक्त उशीर लिहिला, खरा होता म्हणून लिहिला, तर चार दिवस मला भाकरी गोड लागली नव्हती. आणि इथे आठ आठवडे काही दिसलेलं नाही, आणि मी पास लिहिलं तर ते फळ्यावर खोटी वेळ लिहिल्यासारखंच. लेकीला विचारायची सोय नाही. मग म्हटलं, माणसाला नापास करायचं तर त्याचा आवाज तरी ऐकावा. गेल्या गुरुवारी संस्थेच्या बाईंकडून नंबर घेऊन मी तिला फोन लावला.

आवाज एवढासा. एकोणीस वर्षांची पोर. मागे कुठेतरी शिवणयंत्र चालत होतं, म्हणाली आई शिवते, एकच खोली आहे. मी म्हटलं, बाळ, मी रागावणार नाही. खरं सांग, किती झालंय?

शिवणयंत्र चाललंय. मग म्हणाली, "सर, मी रोज लिहिते आणि रोज पुसते."

का गं?

"उशिराची गाडी नक्की किती वाजता येईल ते मला काढायचं होतं. तसं मी अर्जात कबूल केलं होतं. ते जमत नाही. आणि विचारायची भीती वाटते. पहिल्या वेळी मी खाली लिहिलं होतं, की हे अर्धंच आहे, उशिराची गाडी यात धरलेली नाही, दिशा बरोबर आहे का तेवढंच सांगा, जोडू नका. तरी तुम्ही मंजूर केलंत. मला वाटलं, सरांनी केलंय म्हणजे बरोबरच असेल. मग बोर्ड बिघडला, आणि तुम्हीच लिहिलंत, ज्याने केलं त्याने कबूल करावं. मग मी केलं कबूल."

मी म्हटलं, कोणी मंजूर केलं?

"तुम्ही, सर. टिक केलीत ना. नाव आहे तिथे."

मी तसाच लॅपटॉप उघडला, ते पान काढलं. चष्मेवाल्याचा सवाल, "हे अर्धवट काम कोणी मंजूर केलं?" आणि त्याच्या बरोब्बर वर, हिरव्या टिकशेजारी, लेकीने घातलेलं माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि त्याच्या बरोब्बर खाली माझाच उपदेश, यात लाज कसली. सगळ्या जगासमोर आठ आठवडे ते तसंच उभं होतं, आणि त्या एवढ्याशा जिवाने माझी चूक उचलून स्वतःच्या पाठीवर घेतली होती.

"सर? तुम्ही ते वाचलंच नव्हतं का?"

"वाचलं होतं गं," म्हटलं. "कळलं नव्हतं." आणि मग मी तिला निळ्या पेन्सिलची सगळी हकीकत सांगितली. मी सातवी आहे तेही सांगितलं. मला वाटलं, आता फोन ठेवेल. ती हसली. आठ आठवड्यांनी कासवाने मान बाहेर काढली.

मग म्हणाली, "पण सर, उशिराची गाडी केव्हा येईल ते तुम्ही कसं काढायचात?"

मी म्हटलं, मी कुठे काढायचो? मागच्या थांब्यावरून गाडी निघाल्याची खबर आली असेल तर वेळ लिहायचो. खबर नसेल तर वेळ पुसायची आणि लिहायचं, "कळलेलं नाही."

"असं लिहिलं तर चालतं?"

"साहेबांना चालायचं नाही. लोकांना चालायचं. कळलेलं नाही म्हटलं की माणूस पिशवी खाली ठेवतो, जाऊन चहा पिऊन येतो. पाच मिनिटांत म्हटलं की पाऊण तास तिष्ठत उभा राहतो."

शनिवारी तिने पाठवलं. किती? दहा ओळी. बारा आठवड्यांच्या दहा ओळी. वेळ टळली आणि खबर नाही, तर बोर्डाने म्हणावं, कळलेलं नाही. मी यावेळी टिकला हातसुद्धा लावला नाही, दोन्ही हात मागे बांधून वाचलं. चष्मेवाल्याने तपासलं, रात्रभर चालवून बघितलं आणि रविवारी त्यानेच जोडलं. मी सगळ्यांना दिसेल असं खाली लिहिलं, "ती पहिली टिक माझी होती. पोरीची काही चूक नाही. मला लाज वाटते." तर चष्मेवाला म्हणतो, "टिक तुमची आहे ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मला वाटलं तुम्ही विनोद करताय."

आज सकाळी लेकीला इथे आणलं, आणि इथे पोचतोय तोच मित्राचा डेपोतून फोन. "दहाची गाडी आलेली नाही. बोर्ड म्हणतोय कळलेलं नाही. लोकांनी बोर्ड वाचला, पिशव्या खाली ठेवल्या आणि निम्मे चहाला गेले. ती त्या दिवशीची बाई पण आहे. म्हणाली, आता कसं माणसासारखं बोलतोय."

मग मी फॉर्म उघडला आणि पास दाबलं. दहा ओळी तर दहा ओळी, गाडी आलीय ना? खाली कारण विचारलंय, तिथे ती टिकची सगळी हकीकत लिहिली, खरी खरी, काही लपवलं नाही. पण फॉर्म पुढे जाईना. का, तर तो शेवटचा रकाना. काम किती टक्के झालं, आकडा लिहा. शंभर लिहावे तर अर्जात तिने कबूल केलेलं ते हे नव्हे. दहा लिहावेत तर पास कशी केली म्हणून विचारणार. मी अक्षरात लिहून पाहिलं, "कळलेलं नाही." लाल झाला आणि म्हणतो, फक्त आकडा. आता पाचाला आठ मिनिटं आहेत, आत लेकीचं काय चाललंय कळत नाही, जावयाला फोन केला तर म्हणतो पोचतोच आहे, नव्वद टक्के रस्ता झाला, मी काय...

थांबा, थांबा. दार उघडलं.

काय हो सिस्टर? ... नात? ... दोघी बऱ्या आहेत ना? रडली? ... हो, मीही ऐकला आवाज, मला वाटलं शेजारच्या खोलीतून... नाही हो, मी कुठे रडतोय, चष्मा पुसतोय... काय? ... ती काय विचारतेय? बाळ झाल्या झाल्या पहिलं हे विचारतेय, की बाबांनी कासवाचा फॉर्म भरला का? तिला कसं... उशीखाली फोन होता? अडीच महिने? म्हणजे ती टिक, तो उपदेश, सगळं... आणि आमच्या हिला पत्ता नाही? ... हसत होती? बरं झालं हसत होती. मी दाराबाहेर चप्पल काढून चालत होतो हो, तिला घोर लागू नये म्हणून.

आलो, आलो. नातीला बघायला आलोच. एवढा एक आकडा लिहितो आणि आलो. तिला म्हणावं, फॉर्म झालाय, नुसता पाठवायचा राहिलाय... म्हणजे झालाच आहे तसा...

म्हणावं, नव्वद टक्के झालाय.